एमएस क्लिनिकला पहिल्यांदा जाताय? आधी एक वही घ्या

रिपोर्टवर 'डिमायलिनेटिंग' (नसांवरचं कव्हर खराब होणं) असा शब्द आलाय, घरच्यांनी रात्रभर मोबाईलवर शोधाशोध करून स्वतःची आणि तुमचीही झोप घालवलीय, आणि डॉक्टर म्हणतायत की एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, बघणाऱ्या स्पेशालिस्टला एकदा दाखवून घ्या. माझं हे सगळं होऊन नऊ वर्षं झाली. मी नाशिकची, दर सहा महिन्यांनी मुंबईला क्लिनिकला जाते, आणि पहिल्या वेळी मी जशी गेले तसं कुणी जाऊ नये म्हणून लिहायला बसलेय.

पहिल्या वेळी माझ्याकडे काय होतं माहितीय? एक कापडी पिशवी. तिच्यात एमआरआयच्या फिल्म गुंडाळी करून कोंबलेल्या, दोन वर्षांचे रिपोर्ट उलटेसुलटे, गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स आणि एक सीडी, जी त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडलीच नाही. डॉक्टरांनी विचारलं डोळ्याचा त्रास नेमका कधी झाला, मी म्हटलं दिवाळीच्या आसपास, आई म्हणाली नाही गं, गणपतीत, आरतीच्या वेळी तू म्हणाली होतीस की दिवा फिका दिसतोय, आणि आमचं दोघींचं एकमत होईपर्यंत निम्मा वेळ संपला. चूक डॉक्टरांची नव्हती, बाहेर चाळीस माणसं बसली होती.

तेव्हा समजलं की हे क्लिनिक म्हणजे नुसती औषधाची चिठ्ठी मिळायची जागा नाही. तिथे तुमचा वर्षानुवर्षांचा हिशोब ठेवतात, आणि हिशोबाची सुरुवातीची पानं तुम्हालाच लिहून न्यावी लागतात.

(एमएस म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांवरचं कव्हर खराब करते तो आजार. ते वायर आणि वायरीवरच्या कव्हरचं उदाहरण एव्हाना दहा जणांनी सांगून झालं असेल, मी परत सांगत नाही.)

१. आधी विचारा, नक्की एमएसच आहे ना?

प्रश्न उद्धट वाटतो पण विचाराच. एमआरआयमधल्या एका डागावरून एमएस ठरत नाही. मॅकडोनाल्ड निकष म्हणून आहेत, २००१ साली आले आणि नंतर बऱ्याचदा सुधारले, त्यांचा मतलब एवढाच की मेंदूत, मणक्यात डाग वेगवेगळ्या जागी (आणि जुन्या नियमांत वेगवेगळ्या वेळीही) झालेत हे दिसलं पाहिजे, आणि दुसरं कुठलं कारण नाही हेही बघितलं पाहिजे. साधी बी-१२ ची कमतरता असली तरी पाय बधिर होतात.

त्याहून महत्त्वाचं, एमएससारखेच दिसणारे दोन आजार आहेत, एनएमओ आणि मॉग. डोळा जातो, पाय जातात, सुरुवात अगदी तशीच. त्यांच्यासाठी रक्ताची वेगळी टेस्ट असते, ॲक्वापोरिन-४ आणि मॉग अँटिबॉडी. टेस्ट स्वस्त नाही, पण ती का करायची ते ऐका: इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटालिझुमॅब ही एमएसची औषधं एनएमओच्या पेशंटला दिली तर आजार उलट भडकू शकतो. तुमच्या फाईलमध्ये ही टेस्ट नसेल तर पहिल्याच भेटीत विचारा की माझ्या बाबतीत ती लागणार का.

कधीकधी पाठीतलं पाणी काढायला सांगतात. आमच्याकडे लगेच शेजारच्या काकू आल्या, पाठीतलं पाणी काढलं की माणूस कायमचा लुळा पडतो म्हणे. असं काही नाही हो, सुई जिथे टोचतात त्याच्या वरच मज्जारज्जू संपलेला असतो. नंतर डोकं मात्र दुखू शकतं, उठून बसलं की जास्त, आडवं झालं की कमी. दोन दिवस आराम आणि पाणी भरपूर, तरी नाही थांबलं तर फोन करा, सहन करत बसू नका.

माझं स्वतःचं निदान व्हायला दोन वर्षं लागली. रांगोळी काढायला मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत करंट जायचा, आणि एका दवाखान्यात मला त्यासाठी मानेचा पट्टा दिला होता, वय तेव्हा २७. मान वाकवल्यावर जाणारा हा करंट एमएसमध्ये बऱ्याच जणांना जाणवतो, त्याला ल्हर्मिटचं लक्षण म्हणतात. पट्टा अजून माळ्यावर आहे.

२. कुठे जायचं

न्यूरोलॉजिस्ट आता जिल्ह्याच्या ठिकाणीही आहेत आणि चांगले आहेत. पण त्यांच्याकडे दिवसभर लकवा, फिट्स, डोकेदुखी यांची रांग, एमएसचा पेशंट क्वचित. म्हणून वर्षातून एकदोनदा तरी एमएस नेहमी बघणाऱ्या टीमकडे जावं आणि रोजचं गावच्या डॉक्टरांकडे ठेवावं, मला तरी हेच जमलं. दोघांना एकमेकांचे कागद मिळत राहतील एवढं बघा, कारण ते आपापसात फोनवर बोलतील ही आशा ठेवू नका, पोस्टमन तुम्हीच.

मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे या सगळ्यांत न्यूरोलॉजी विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं, गर्दीची तयारी ठेवायची. मुंबई-पुण्यात मोठ्या खासगी आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलांतही न्यूरोलॉजीच्या टीम आहेत. कुणाकडे जावं हे कळत नसेल तर मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून आहे, मुंबईत आणि पुण्यात तिच्या शाखा आहेत, तिथे स्वतः पेशंट असलेली माणसं भेटतात आणि त्यांना खरं माहीत असतं की कुठे किती वेळ लागतो.

अपॉइंटमेंट घेताना फोनवर तीनच गोष्टी विचारा. एमएससाठी वेगळा दिवस किंवा वेगळी ओपीडी आहे का? सलाईनवाटे द्यायची औषधं डे-केअरमध्ये तिथेच देतात का? आणि दोन भेटींच्या मध्ये त्रास झाला तर कुणाला फोन करायचा? तिसऱ्या प्रश्नाला रिसेप्शनवरची मुलगी गडबडली तर वाईट वाटून घेऊ नका, पण मनात नोंद घ्या. माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये असते, तिकडे एमएस नर्स म्हणून वेगळी सिस्टर असते, काही झालं की आधी तिला फोन, डॉक्टर नंतर. आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा ज्युनियर डॉक्टर किंवा कोऑर्डिनेटर करतात. त्यांचं नाव आणि नंबर सोन्यासारखा जपा.

एक अवांतर, भारतात हा आजार नसतोच असं पूर्वी बरेच जण धरून चालायचे. मुंबईचे न्यूरोलॉजिस्ट डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० मध्ये दाखवून दिलं की पारशी समाजात तो चांगलाच आढळतो. एमआरआय आल्यावर बाकीचेही सापडायला लागले. त्यामुळे 'हा फॉरेनचा आजार तुला कसा झाला' असं कुणी म्हणालं तर सोडून द्या.

३. वही आणि फाईल

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, इथे घाई नको.

शाळेची दोनशे पानी वही घ्या, फोनमधल्या नोट्स नकोत, कारण क्लिनिकमध्ये फोन आईच्या हातात असतो नाहीतर चार्जिंग संपलेलं असतं. पहिल्या पानावर फक्त अटॅकची, म्हणजे आजार उफाळून नवीन त्रास झाला त्या वेळांची, यादी. कधी, काय, किती दिवस, काय औषध दिलं, किती भरून आलं. माझ्या वहीतली एक ओळ दाखवते: 'सप्टेंबर, उजवा डोळा, हलवला की दुखायचा, लाल रंग विटकरी दिसायचा, तीन सलाईन, दीड महिन्यात जवळजवळ बरा, उन्हात अजून धूसर.' बस. याच्यापेक्षा जास्त नको. तारीख आठवत नसेल तर सण, परीक्षा, कुणाचं लग्न यावरून काढा, घरात भांडण होईल ते आधीच घरी होऊ दे.

दुसऱ्या पानावर आत्ता चालू असलेली सगळी औषधं, आणि सगळी म्हणजे सगळी. थायरॉइडची गोळी, झोपेची गोळी, वैद्यांचा काढा, कुणीतरी हरिद्वारहून आणलेली पुडी. गुळवेलीचं तर सांगतेच, येणारा प्रत्येक पाहुणा गुळवेल सुचवतो, प्रतिकारशक्ती वाढते म्हणून. अहो, आपल्या आजारात तीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटलीय, तिला आणखी खायला घालून काय करायचं! शिवाय गुळवेलीने लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्यात आणि आपल्या काही औषधांनी लिव्हरवर आधीच ताण असतो. घेत असाल तर लपवू नका, ओरडा बसला तर बसू दे.

व्हिटॅमिन डीचंही तसंच. ती साठ हजारची पुडी बहुतेकांना आठवड्यातून एकदा असते, आणि रोज एक खाणारी माणसं मी स्वतः बघितलीत. चिठ्ठी परत एकदा नीट वाचा.

तिसऱ्या पानावर प्रश्न, महत्त्वाचा सगळ्यात वर. पाचच्या वर लिहू नका, तेवढ्यांची उत्तरंसुद्धा मिळत नाहीत.

आता फाईल. प्लॅस्टिकचे कप्पे असलेली घ्या आणि तारखेप्रमाणे लावा, सगळ्यात नवं वर. एमआरआयच्या बाबतीत नुसता छापील रिपोर्ट चालत नाही, डॉक्टरांना चित्रं बघायची असतात, कारण जुना आणि नवा डाग शेजारी ठेवून तुलना करायची असते. सीडी न्या, आणि त्याच सीडीतला सगळा फोल्डर पेनड्राइव्हवरही न्या, एकेक फोटो काढून नव्हे तर अख्खा फोल्डर जसाच्या तसा. सीडीवर स्केच पेनने तारीख लिहा. फिल्म गुंडाळू नका, चिरा पडतात. आणि जमेल तोवर दरवेळी एमआरआय त्याच सेंटरला, त्याच मशीनवर करा, मशीन बदललं की तुलना अवघड जाते. रंगद्रव्य टोचून, म्हणजे कॉन्ट्रास्टचा एमआरआय असेल तर आधी क्रिएटिनिनचा (किडनीचा) रिपोर्ट मागतात, तो खिशात ठेवा म्हणजे सकाळी सात वाजता लॅब शोधत फिरावं लागणार नाही.

४. जायचा दिवस

मी सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडते, खिडकीची सीट नको, पॅसेजची, कारण टॉयलेटला जायला बरं. सोबत कुणीतरी न्याच, पहिल्या भेटीला तर नक्की, कारण तुम्ही निम्मं ऐकता आणि निम्मं घाबरता. सोबतच्या माणसाला आधीच सांगून ठेवा की तुम्ही बोलताना मध्ये बोलायचं नाही, शेवटी दोन मिनिटं त्यांची. आमच्या अहोंना हे शिकायला दोन वर्षं लागली.

कपडे सैल, सलवार किंवा पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर सरकेल अशी, कारण गुडघ्यावर हातोडी मारतात आणि तळव्यावर काडी ओढतात. लेस-बकलची चप्पल नको. मेमध्ये जात असाल तर ओला पंचा आणि पाण्याची बाटली. उन्हाने किंवा ताप आला की आपली जुनी लक्षणं तात्पुरती वर येतात, डोळा धूसर, पाय जड, आणि अंग गार झालं की जातात. उटहॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरने हे १८९० मध्येच नोंदवून ठेवलंय. रांगेत उभं राहून असं झालं तर घाबरू नका, पंख्याखाली बसा आणि सिस्टरना सांगा. बसायला जागा मागायला लाजू नका. बाहेरून आपण ठणठणीत दिसतो, त्यामुळे मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

५. आत गेल्यावर काय होतं

आधी ज्युनियर डॉक्टर सगळी हिस्टरी घेतात, मग मोठ्या डॉक्टर तेच परत विचारतात. चिडू नका. मग डोळे, चेहरा, हातापायांची ताकद, टाचेला पंजा लावून एका रेषेत चालणं, डोळे मिटून उभं राहणं. यातून एक आकडा निघतो, ईडीएसएस, शून्यापासून दहापर्यंत, अर्ध्या-अर्ध्याने वाढणारा. कर्ट्झकी नावाच्या न्यूरोलॉजिस्टने १९८३ मध्ये आणलेली मोजपट्टी आहे. सहा म्हणजे साधारण शंभर मीटर चालायला काठी लागते. आकडा विचारून वहीत लिहा, पण त्यावर फार जीव टाकू नका, तो मुख्यतः चालणं मोजतो, दुपारी तीन वाजता येणारा थकवा त्यात फारसा दिसत नाही.

चांगल्या क्लिनिकमध्ये आणखी दोन टेस्ट होतात. कॉरिडॉरमध्ये फरशीवर चिकटपट्टी लावून २५ फूट मोजलेले असतात, फिजिओ स्टॉपवॉच घेऊन उभी राहते आणि तुम्ही जमेल तेवढं भरभर पण न पडता चालायचं, दोनदा. आमच्या इथे तो कॉरिडॉर नेमका चहाच्या ट्रॉलीचा रस्ता आहे, एकदा मी जोरात निघाले आणि समोरून मामा ट्रॉली घेऊन, थांबले, सगळं परत पहिल्यापासून. दुसरी टेस्ट नऊ खुंट्यांची. एका पाटीला नऊ भोकं, शेजारी वाटीसारख्या खळग्यात नऊ छोट्या काड्या, एकेक उचलून भोकात घालायची आणि परत एकेक काढायची, एका हाताने. उजव्या हाताला माझ्या काही नाही, डाव्या हाताने काडी चिमटीत धरलीय असं मला वाटत होतं आणि ती खाली टेबलावर पडलेली. साडीच्या निऱ्या नीट का येत नाहीत याचं उत्तर मला तिथे मिळालं.

आता जे कुणी सांगत नाही ते. लघवीचा त्रास स्वतःहून सांगा. घाई लागते, बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत थांबत नाही, किंवा झाली तरी पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही. मी तीन वर्षं सांगितलं नाही, समोर पुरुष डॉक्टर आणि बाजूला सासरे. लग्नाला जायचं बंद केलं, बसने प्रवास बंद केला, पाणी कमी प्यायला लागले, त्याने इन्फेक्शन झालं. शेवटी एका लेडी डॉक्टरने सगळ्यांना बाहेर काढून सरळ विचारलं तेव्हा बोलले. एक सोनोग्राफी झाली, लघवी केल्यावर पिशवीत किती राहते ते बघायला, आणि त्यावरून औषध ठरलं. शारीरिक संबंधांतला त्रास, बद्धकोष्ठता, विसराळूपणा, सतत रडू येणं, हे सगळं याच आजाराचं असू शकतं आणि सगळ्यावर काही ना काही करता येतं. तोंडाने बोलवत नसेल तर वहीत लिहा आणि ते पान पुढे सरकवा.

६. औषधाच्या आधीच्या टेस्ट

आजार आटोक्यात ठेवणारी बरीच औषधं प्रतिकारशक्ती दाबतात. म्हणून आधी बघतात की शरीरात दबा धरून काही बसलंय का. आपल्या देशात पहिला संशय टीबीवर, म्हणून छातीचा एक्स-रे आणि टीबी गोल्ड ही रक्ताची टेस्ट. मग कावीळ बी आणि सी, एचआयव्ही, सीबीसी, लिव्हर, थायरॉइड. कांजिण्या लहानपणी झाल्या होत्या का हे आईला विचारून या, नाहीतर अँटिबॉडी टेस्ट करतात. लसी घ्यायच्या असतील तर बहुतेक औषध सुरू व्हायच्या आधी, कारण नंतर काही लसी नीट लागू पडत नाहीत आणि जिवंत लसी तर देताच येत नाहीत. या सगळ्याला दोनतीन आठवडे जातात आणि घरचे म्हणतात ट्रीटमेंट का सुरू करत नाहीत. ही ट्रीटमेंटच आहे.

७. औषध ठरवताना

झालेलं नुकसान औषधाने भरून येत नाही, पुढचे अटॅक कमी होतात. हे घरच्यांना आधीच समजावून सांगा, नाहीतर महिन्याभराने 'काही फरक नाही' म्हणून बंद करायला लावतील.

टोचायची औषधं जुनी, इंटरफेरॉन १९९३ पासून आहे, ग्लॅटिरामर त्यानंतरचं. जागा बदलत टोचायचं आणि सूचनेप्रमाणे गार ठेवायचं, प्रवासात थर्मासची पेटी. गोळ्यांमध्ये डायमिथाइल फ्युमरेट, ही उपाशीपोटी घेऊ नका, चेहरा लालबुंद होतो, मी घरातच एवढी लाल झाले की मुलगी म्हणाली आई तू भांडतेयस का. टेरिफ्लुनोमाइड घेत असाल आणि मूल हवं असेल तर थांबा, हे औषध शरीरात दोन वर्षांपर्यंत रेंगाळू शकतं, धुऊन काढायला वेगळी पावडर देतात. फिंगोलिमॉडची पहिली गोळी क्लिनिकमध्येच, सहा तास नाडी बघत बसवतात. सलाईनमधून नॅटालिझुमॅब, त्याच्या आधी जेसी व्हायरसची टेस्ट झालीय ना ते विचारा, कारण त्याचा धोका मेंदूच्या इन्फेक्शनचा. ऑक्रेलिझुमॅब, पहिला डोस दोन भागांत दोन आठवड्यांच्या अंतराने आणि मग दर सहा महिन्यांनी. आणि आपल्याकडे बऱ्याच जणांना मिळतं ते रिटुक्सिमॅब, मुळात कॅन्सर आणि संधिवाताचं, लेबलवर एमएसचं नाव नाही, म्हणजे एमएससाठी अधिकृत मंजुरी नाही, पण भारतीय कंपन्या बनवतात म्हणून परवडतं.

ते लेबलचं लक्षात ठेवा, कारण इन्शुरन्सवाले नेमकं तेच धरतात. डोस ठरला की आधीच लेखी मंजुरी मागा, तोंडी 'होऊन जाईल मॅडम' वर जाऊ नका, मी गेले होते आणि डिस्चार्जच्या वेळी अहोंना मित्राकडून पैसे मागवावे लागले. सरकारी योजनेचं हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राच्या (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या) टेबलावर विचारा, काय बसतं काय नाही ते तिथेच कळतं. कंपन्यांच्या पेशंट सपोर्ट योजना असतात, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

लग्न ठरतंय, मूल हवंय, हे पहिल्याच भेटीत बोला. एमएसमध्ये मूल होऊ शकतं. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत अटॅक कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढतात, त्याचं नियोजन आधी करायचं असतं. मुलीकडच्यांनी हे लपवावं की सांगावं यावर मी इथे बोलत नाही, त्यावर आमच्याच घरात दोन तट आहेत.

८. सलाईनचा दिवस

आदल्या दिवशी ताप, खोकला, लघवीला जळजळ असेल तर तिकीट असलं तरी निघू नका, आधी फोन. बीपीची गोळी त्या सकाळी घ्यायची का, विचारून ठेवा. नाश्ता करून जा. आधी पॅरासिटामॉल, एव्हिल (ॲलर्जीचं औषध) आणि स्टेरॉइड देतात आणि एव्हिलने अशी झोप येते की बास.

पहिला डोस अगदी थेंब-थेंब सोडतात. माझ्या पहिल्या वेळी अर्ध्या तासाने घशात खाजायला लागलं, आणि मी दोन मिनिटं गप्प बसले, म्हटलं उगाच कशाला. सिस्टरच जाता जाता थांबल्या, माझा हात मानेकडे जातोय ते त्यांनी बघितलं होतं. म्हणाल्या, ताई, घशात खाजतंय का? असं गप्प बसायचं नाही हां. सलाईन बंद केलं, वीस मिनिटं थांबल्या, एक इंजेक्शन दिलं, मग वेग कमी करून परत सुरू. पुढचे सगळे डोस सुरळीत गेले. खाज, थंडी, छातीत जड, काहीही झालं की लगेच बोला. स्वेटर न्या, डे-केअरमध्ये एसी भयंकर असतो.

९. मध्येच काही झालं तर

नवीन लक्षण, चोवीस तासांपेक्षा जास्त टिकलेलं, ताप किंवा इन्फेक्शन नसताना, असं असेल तर तो अटॅक धरतात. म्हणून फोन करायच्या आधी थर्मामीटर लावा आणि लघवीची टेस्ट करून घ्या. एका मे महिन्यात माझे दोन्ही पाय गेल्यासारखे झाले, घरात रडारड, गाडी ठरवली, आणि निघाली लघवीची इन्फेक्शन. अँटिबायोटिकने चार दिवसांत चालायला लागले. त्याला खोटा अटॅक म्हणतात, त्यात स्टेरॉइड दिलं तर उलट घोळ. पण चेहरा अचानक वाकडा, बोलणं अचानक बंद असं झालं तर एमएसच असेल म्हणून घरी बसू नका, सरळ इमर्जन्सी, लकवाही असू शकतो.

खरा अटॅक असेल तर बहुतेक मिथाइलप्रेडनिसोलोन, रोज एक ग्रॅम, तीन ते पाच दिवस सलाईनमधून. हे गावच्या हॉस्पिटललाही देता येतं, क्लिनिककडून तसं लिहून घ्या. तोंडाला लोखंडासारखी चव येते, मी आवळा सुपारी चघळते. झोप उडते, साखर वाढते, रात्री दोन वाजता कपाट आवरावंसं वाटतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

१०. डॉक्टर सोडून बाकीची माणसं

फिजिओथेरपिस्ट एमएस माहीत असलेला बघा. लकव्याच्या पेशंटसारखं दमवून दमवून घेणारा असेल तर तुम्ही घरी येऊन दोन दिवस झोपाल. सकाळी गारव्यात, थोडं थोडं, मध्ये विश्रांती. ऑक्युपेशनल थेरपिस्ट हा शब्द मला माहीतच नव्हता, त्या बाईंनी मला ओट्यासमोर उंच स्टूल ठेवायला लावलं आणि पोळ्या बसून करायला लावल्या, एवढ्या एका गोष्टीने माझी संध्याकाळ परत मिळाली. सासूबाई पहिले आठ दिवस काही बोलल्या नाहीत, मग स्वतःच त्या स्टुलावर बसायला लागल्या. काउन्सेलर असेल तर एकदा जाच, वेड लागलंय म्हणून नव्हे, डिप्रेशन या आजारात खूप जणांना येतं.

११. दिव्यांग कार्ड

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट आहे. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज भरायचा, मग सरकारी हॉस्पिटलमध्ये तपासणी. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर बऱ्याच सवलती लागू होतात. तिकडच्या टेबलावर हा आजार कुणाला माहीत नसण्याची शक्यता भरपूर, म्हणून क्लिनिकचं पत्र, ईडीएसएसचा आकडा आणि कायद्यातल्या यादीची प्रिंट सोबत न्या. मी ज्या दिवशी गेले त्या दिवशी 'बाई तुम्ही तर चालत आलात' असं ऐकून घ्यावं लागलं. प्रिंट पुढे केली.

१२. निघताना

पुढची तारीख, पुढच्या टेस्टची चिठ्ठी, पुढच्या एमआरआयचा महिना, हे तिन्ही हातात आल्याशिवाय काउंटर सोडू नका. चिठ्ठीवरचं अक्षर तिथेच वाचून घ्या. आणि डॉक्टर काय म्हणाले ते परतीच्या गाडीत बसल्या बसल्या वहीत उतरवा, कल्याण गेलं की सुरू करा आणि कसारा यायच्या आत संपवा, पुढे घाटात नेटवर्कही जातं आणि डोळाही लागतो.